हॉप्स, ग्रूट आणि एक आकर्षक उपपत्ति

स्टीफन हॅरॉड ब्यूनर यांचा ‘सेक्रेड अँड हर्बल हीलिंग बीअर्स’ हा ग्रंथ १९९८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. बीअरमध्यें धने, आलें, जुनिपरचीं फळें अथवा रानांतला पाला घालून पाहणारी जी हौशी मंडळी तिकडे आहे, तिच्यांत या ग्रंथाचें नांव आदरानें घेतलें जातें. ग्रंथ वाचनीय आहे, हें आम्ही आधींच सांगून टाकतों. कारण पुढें जें लिहावयाचें आहे तें बरेंचसें प्रतिकूल आहे.

ग्रंथकर्ते वनस्पतींचे जाणकार, आणि जेथें ते वनस्पतींविषयींच बोलतात तेथें त्यांची लेखणी खुलते. हॉप्स म्हणजे एका वेलीचीं फुलें. बीअरला कडवटपणा येतो तो मुख्यतः यांच्यामुळें. परंतु मध्ययुगांत उत्तर युरोपांतील कित्येक प्रांतांत जवाच्या काढ्यांत हॉप्सऐवजीं ‘ग्रूट’ नांवाचें मिश्रण पडत असे. बॉग मर्टल हें दलदलींतलें सुगंधी झुडूप, यॅरो, मार्श रोजमेरी असे जिन्नस त्यांत असत, आणि ते प्रांतोप्रांतीं बदलत. आपल्याकडे गोड्या मसाल्याचें प्रमाण जसें एका घराचें दुसऱ्यास जुळत नाहीं, तसाच हा प्रकार. बीअर म्हणजे हॉप्स हें समीकरण अनादि नव्हे, एवढें ग्रंथकर्त्यांनीं वाचकाच्या मनावर ठसविलें, हें त्यांचें यश लहान नाहीं.

पण एवढ्यावर ते थांबत नाहींत. त्यांचें म्हणणें असें, कीं ग्रूट हें मनास उल्हास व कामास चेतना देणारें, तर हॉप्स झोप आणणारे व वासना मंदावणारे. म्हणून प्रॉटेस्टंट सुधारकांनीं, ग्रूटवरची कॅथॉलिक धर्मसंस्थेची मक्तेदारी मोडावी आणि लोकांचा सुखोपभोगही आवरावा अशा दुहेरी हेतूनें, हॉप्सची प्रतिष्ठापना केली. गोष्ट मोठी आकर्षक आहे. सोंवळ्या मंडळींनीं रसिकांचा प्याला हिरावून घेतला, हें ऐकावयास कोणास आवडणार नाहीं? मात्र ती कालक्रमाशीं जमत नाहीं. पाणी, जव व हॉप्स यांखेरीज बीअरमध्यें कांहीं घालूं नये असें ठरविणारा बव्हेरियाचा प्रसिद्ध कायदा २३ एप्रिल १५१६ चा; ल्यूथरचे सिद्धांत जाहीर झाले १५१७ च्या ऑक्टोबरांत. शिवाय तो कायदा करणारे ड्यूक विल्हेल्म व लुडविग हे कॅथॉलिक, आणि त्यांचा प्रांत पुढेंही कॅथॉलिकच राहिला! हॉप्सच्या कडूपणानें पेयें नासत नाहींत, ही नोंद तर बाराव्या शतकांत हिल्डेगार्ड या मठाधिपति साध्वीनें केली आहे. (हॉप्सनें मनुष्य उदास होतो, अशी तक्रारही तिनेंच केली, ती ग्रंथकर्त्यांस सोयीची आहे.) आणि ब्रेमेन-हाम्बुर्गचे व्यापारी ल्यूथरच्या जन्मापूर्वीं शंभराहून अधिक वर्षें हॉप्सची बीअर गलबतांतून परदेशीं धाडीत होते.

खरें कारण फार नीरस आहे. हॉप्स काढ्यांत उकळले म्हणजे त्यांतून उतरणारीं कडू आम्लें बीअर आंबट करणाऱ्या जंतूंना आवर घालतात. माल टिकतो, म्हणून दूर पाठवितां येतो. टिकाऊपणासाठीं मद्यार्क चढवावा लागत नाहीं, म्हणून धान्यही कमी लागतें. याउलट ग्रूट हें राजेरजवाड्यांच्या उत्पन्नाचें साधन होतें. ९७४ सालीं सम्राट दुसरा ओटो यानें लीएजच्या बिशपास फॉस येथील ग्रूटचा हक्क दिला. पुढें हॉलंडच्या काउंटांच्या व कित्येक शहरांच्या हातींही असे हक्क होते. हॉप्सची बीअर येतांच हॉलंडांत तिच्यावरही कर बसला. १५१६ च्या त्या कायद्याचाही मोठा भाग बीअरच्या भावाबद्दल आहे, हें त्याचा गौरव करणारे व त्यास शिव्या देणारे दोघेही विसरतात.

मसाल्याची समूळ हद्दपारी झाली, हेंही खरें नव्हे. बेल्जममधील हूगार्डन गांवची जुनी गव्हाची बीअर बंद पडली होती. ती पिएर सेलिस नांवाच्या दूधवाल्यानें १९६६ सालीं पुन्हां सुरू केली. तींत धने व संत्र्याची वाळलेली साल पडते, आणि हॉप्सही पडतात. ग्रंथकर्त्यांच्या द्वंद्वकथेंत अशा एकाच हंड्यांत नांदण्याला जागा उरत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कोणी येथें अर्थशास्त्राकडे बोट दाखवील. कौटिल्याच्या सुराध्यक्ष प्रकरणांत मैरेय नांवाच्या मद्यांत गुळाबरोबर पिंपळी व मिरीं सांगितलीं आहेत खरीं. पण तें जवाचें मद्य नव्हे, आणि तेथेंही रोख रसावर नसून सरकारी देखरेखीवर आहे.

ग्रंथकर्त्यांची दुसरी एक संवय आम्हांस अधिक खटकते. लोकसमजूत आणि प्रयोगानें सिद्ध झालेला गुण ते एकाच सुरांत सांगतात. मार्श रोजमेरी अधिक प्रमाणांत विषारी आहे. घरीं हंडा चढविणाऱ्या नवशिक्यास यांतलें कोणतें वाक्य कशाच्या आधारावर उभें आहे, हें त्या त्या पानावरच कळावयास हवें होतें. हीदरसंबंधींचीं पानें मात्र अवश्य वाचावीं.