सूर्य चमकतो, चंद्र चमकतो, ट्रॉलीही चमकते

'सूर्य चमकतो. चंद्र चमकतो. घासलेले भांडे चमकते.' इंग्रजीवरून मराठीत आलेल्या बालविज्ञानाच्या मजकुरात या धर्तीची वाक्ये वारंवार भेटतात. व्याकरणाने ती बिनचूक आहेत. पण तिन्ही वाक्यांतील घटना एक नाही. सूर्य प्रकाश निर्माण करतो. चंद्र सूर्याचा प्रकाश परत पाठवतो, तोही सुमारे 12 टक्केच. बाकीचा त्याची काळपट जमीन शोषून घेते. भांडेही प्रकाश परत पाठवते, पण त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने किरण विखुरत नाहीत आणि ठरावीक दिशेने पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. एवढा फरक एका क्रियापदाखाली झाकला जात असेल, तर शिक्षकाने त्या क्रियापदाकडे संशयाने पाहायला हवे.

याचे मूळ इंग्रजीतील 'शाइन' या शब्दात आहे. त्याचा व्याप मोठा आहे. सूर्य 'शाइन' होतो, चंद्र होतो, बूट होतात, परीक्षेत पहिला आलेला मुलगाही होतो. टॉर्चचा झोत एखाद्या वस्तूवर टाकणे हेही 'शाइन'च. भूतकाळात मात्र इंग्रज थोडा भेद करतो: सूर्याला आणि चंद्राला 'शोन', पॉलिश केलेल्या बुटांना 'शाइन्ड'. जर्मन भाषेत याच कुळातल्या क्रियापदाचा अर्थ 'प्रकाशणे' आणि 'वाटणे, भासणे' असा दुहेरी आहे. इंग्रजी विज्ञानलेखकाला या ढिलाईने फारसे अडत नाही. पुढच्या इयत्तेत तो 'शाइन' सोडतो आणि उत्सर्जन, परावर्तन यांसाठी नेमके शब्द घेतो. आपण मात्र पहिल्या इयत्तेतला ढिला शब्द तेवढा उचलला आणि त्याच्या जागी सगळीकडे 'चमकणे' बसवले.

'चमकणे' याचा मराठी स्वभाव वेगळा आहे. वीज चमकते. पाठीत चमक भरते. मागून कोणी अचानक हाक मारली की माणूस चमकून पाहतो. या तिन्हींत समान आहे तो अवचितपणा: क्षणात होते आणि क्षणात सरते. दिवसभर एकसारखा तापणारा सूर्य या अर्थाने चमकत नाही. म्हणूनच आपल्या आजीने 'सूर्य चमकतोय' असे कधी म्हटले नाही. ती 'ऊन पडलंय' म्हणाली, रात्री 'चांदणं पडलंय' म्हणाली. सोनाराकडून दागिने 'उजळून' आणले, भांडी 'लखलखीत' घासली. टॉर्चचा झोत टाकायचा तर आपण 'बॅटरी मार' म्हणतो. भर दुपारचा सूर्य तळपतो, तारे लुकलुकतात, रॉकेलची चिमणी मिणमिणते, जत्रेतली दुकाने झगमगतात.

कोल्हापूरकरांना याचे उदाहरण घरचेच आहे. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, तसेच 9, 10 आणि 11 नोव्हेंबर या दिवशी मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी ते मूर्तीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, असे किरणोत्सवाचे स्वरूप सांगितले जाते. त्याचे वर्णन करताना 'सूर्य मूर्तीवर चमकला' असे कोणी म्हणत नाही. किरणे 'आली', 'पोहोचली', 'वर चढली', वाटेतल्या बांधकामाने किंवा ढगाने 'अडली' असेच म्हणतात. ही भाषा भक्तीची असली तरी भौतिकशास्त्राला धरून आहे. प्रकाश कुठून तरी निघतो, सरळ रेषेत जातो, अडथळा आला की थांबतो, हे सारे त्या क्रियापदांतच आहे. सूर्य खाली जातो तसा उजेडाचा पट्टा आत सरकतो आणि वर चढतो, हे तर भूमितीचे प्रात्यक्षिकच. हे दिवस वर्षातून दोनदा का येतात? 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वांत दक्षिणेकडे असतो. त्याच्या साधारण 42 दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो क्षितिजावर जवळपास एकाच ठिकाणी, पश्चिमेपासून सुमारे 18 अंश दक्षिणेला मावळतो.

इथे मराठीचे गोडवे गाऊन थांबलो तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. आपली क्रियापदे प्रकाशाची तऱ्हा सांगतात: तो मंद की प्रखर, स्थिर की थरथरता. तो कुणाचा, हे सांगत नाहीत. सूर्य तळपतो, तशी तलवारही तळपते. काजवा चमकतो आणि अंधारात मांजराचे डोळेही चमकतात. काजवा प्रकाश स्वतः तयार करतो. मांजराच्या दृष्टिपटलामागचा थर मात्र बाहेरून आलेला प्रकाश परत फेकतो. खोली पूर्ण अंधारी केली तर काजवा दिसत राहील, मांजर दिसणार नाही. 'स्वयंप्रकाशी' आणि 'परप्रकाशी' हे शब्द आपण शिकवतो ते यासाठीच. पण मुले ते व्याख्येपुरते पाठ करतात आणि एरवी 'चमकते' म्हणून मोकळी होतात.

हा शब्दच्छल नाही. आमच्या भागात उसाचा हंगाम सुरू झाला की रात्रभर ट्रॉल्या आणि बैलगाड्या कारखान्याकडे जात असतात. त्यांच्या मागे लाल पट्ट्या चिकटवलेल्या असतात. सगळे त्यांना 'रेडियम' म्हणतात. घड्याळाच्या काट्यांना एकेकाळी लावत तो रेडियमयुक्त रंग अंधारात खरोखर स्वतः प्रकाशत असे. ट्रॉलीमागच्या पट्टीत रेडियम नसते. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात. प्रकाश ज्या दिशेने येईल त्याच दिशेने ते तो परत पाठवतात. म्हणून हेडलाइट लावून येणाऱ्या चालकाला ती ठळक दिसते. ज्याच्या सायकलला दिवाच नाही, त्याला ती दिसत नाही. चिखलाने माखली तर कुणालाच दिसत नाही. 'रेडियम आहे, ते चमकतेच' असे समजून पंक्चर झालेली ट्रॉली अंधारात रस्त्याच्या कडेला सोडून जाणारा माणूस स्वयंप्रकाशी आणि परप्रकाशी यांत गल्लत करत असतो. त्या गल्लतीची किंमत मागून येणारा मोजतो.

तेव्हा शिक्षकांना सुचवावेसे वाटते ते इतकेच. 'चमकणे' हा शब्द वर्गातून हद्दपार करू नये. ते शक्यही नाही. पण तो पुस्तकात आला की तिथे थांबावे आणि मुलांना तीन प्रश्न विचारावेत: प्रकाश कुठून निघाला? वाटेत कशावर पडला? कुणाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचला? निखारा, काजवा, स्टीलचे ताट, मांजराचे डोळे, चंद्र आणि ट्रॉलीची पट्टी या सहा गोष्टी फळ्यावर लिहून तिन्ही उत्तरे मागावीत. ताटासाठी 'चमकते' याऐवजी काय लिहाल, हेही विचारावे. मुले 'चकाकते', 'लखलखते', 'उजेड परत पाठवते' असे काहीबाही सांगतील. त्यातले शेवटचे उत्तर देणाऱ्याने पाठ समजून घेतला आहे, असे खुशाल मानावे. संध्याकाळी घरी गेल्यावर दारातल्या ट्रॉलीची पट्टी फडक्याने पुसायलाही त्याला सांगावे.