खुणेचीं झाडें आणि शेजाऱ्यांची साक्ष

जमिनीचा महजर, निवाडपत्र किंवा वांटणीपत्र हातीं आलें म्हणजे संग्राहकाची दृष्टि प्रथम शिक्क्यावर जाते, मग तारखेवर, आणि त्यानंतर वतनदारांच्या नांवांवर. पूर्वेस अमक्याचें आगर, दक्षिणेस वहाळ, पश्चिमेस उंडीचें झाड, असा जो चतुःसीमेचा भाग तो बहुधा वाचलाच जात नाहीं. नक्कल करतांना ‘चतुःसीमा’ एवढा एक शब्द लिहून पुढें सरकण्याची खोड पुष्कळांना आहे, व प्रस्तुत लेखकही तिच्यांतून सुटलेला नाहीं. परंतु हा भाग गाळणें म्हणजे कागदाचा पुरावाच गाळणें होय, असें आमचें मत बनलें आहे. आणि तें गुहागर व अंजनवेल या बाजूच्या मुलखास धरून येथें मांडावयाचें आहे.

हा मुलूख निवडण्याचें कारण उघड आहे. अंजनवेलचा किल्ला १७४५ मध्यें तुळाजी आंग्र्यानें शिद्द्याकडून घेतला. पुढें तो पेशव्यांकडे आणि १८१८ मध्यें इंग्रजांकडे गेला. पाऊणशें वर्षांच्या आंत या भागानें चार अंमल पाहिले. अंमल बदलला कीं दफ्तर हलतें, अंमलदार हलतो. बांध मात्र जेथल्या तेथें राहतो व त्याची आठवण शेजाऱ्याच्या डोक्यांत राहते. नव्या सरकारला जुनी हद्द कळावयाची ती बहुतेक या शेजाऱ्याच्याच तोंडून.

शेजाऱ्याला विचारण्याची ही रीत इंग्रजांनीं आणलेली नाहीं, पेशव्यांनींही नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आणि याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत सीमावादाचें स्वतंत्र प्रकरण आहे. वड, पिंपळ, पळस, सांवर, साल, ताड व चिकाचे वृक्ष शिवेवर लावावे; कोळसा, कोंडा, हाडें, खापऱ्या अशा लवकर न कुजणाऱ्या वस्तु पुरून गुप्त खुणा ठेवाव्या; वाद पडल्यास सामंतांनीं, म्हणजे शेजारच्यांनीं, तांबडीं वस्त्रें व तांबड्या माळा धारण करून, डोक्यावर माती घेऊन हद्द दाखवावी, असा त्यांचा आशय आहे. मनूनें या कामास ज्येष्ठ मास सांगितला, कारण त्या वेळीं खुणा उघड्या असतात. (गुहागरास हा नियम पाळावयाचा तर मृगापूर्वींच पाळला पाहिजे, एकदां पाऊस लागला कीं थोड्याच दिवसांत गडगादेखील गवतांत बुडतो.)

येथेंच कागदाच्या परीक्षेचें पहिलें साधन हातीं लागतें. साल वृक्ष कोंकणांत होत नाहीं. तेव्हां या बाजूच्या कागदांत सालाची खूण आढळली तर ती जमिनीवरून नव्हे, पोथीवरून उतरली असा संशय घ्यावा. उलट उंडी, काजरा, किंजळ, सातवीण, रायवळ आंबा अशीं नांवें आलीं तर लिहिणारा नसला तरी निदान सांगणारा त्या जागीं उभा होता, असें समजण्यास हरकत नाहीं. काजू पोर्तुगीजांच्या मागून आला. त्यांच्या आगमनापूर्वीच्या म्हणविणाऱ्या कागदांत काजू हद्दीवर उभा असेल तर कागद, अथवा निदान तेवढी ओळ, मागाहूनची आहे. सुरूच्या बाबतींत अधिक जपावें लागतें. गुहागरच्या पुळणीवर जें सुरूचें बन दिसतें, तो वृक्ष या किनाऱ्यावर १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून लागवडीनें पसरला. परंतु ‘सरू’ हा शब्द फारशींतून, निराळ्याच झाडाचें नांव म्हणून, मराठींत आधींच आलेला होता. केवळ शब्द पाहून निकाल देणें येथें धोक्याचें आहे.

आगराच्या हद्दीची अडचण आणखी वेगळी. वड-पिंपळ कित्येक पिढ्या पाहतो. माड किंवा पोफळ दोन-तीन पिढ्यांपलीकडे जात नाहीं. जुना माड पडला कीं त्याच्या शेजारींच नवा लावला जातो, आणि नव्याला जुन्याचेंच नांव मिळतें. पन्नास वर्षांनीं साक्षीदार शपथेवर ‘हाच तो माड’ म्हणतो तेव्हां तो खोटें बोलत नसतो. झाड मात्र दुसरें असतें आणि हद्द दोन हात सरकलेली असते. साक्ष खरी व हद्द चुकीची, हा प्रकार आपल्याकडील कागदांच्या चर्चेंत पुरेसा विचारांत घेतला जात नाहीं. आपण साक्षीदार लबाड होता कीं नव्हता एवढेंच पाहतों. अमेरिकेंतील व्हर्जिनिया वसाहतींत १६६२ च्या कायद्यानें दर ४ वर्षांनीं शेजाऱ्यांनीं मिळून हद्द फिरावी व झाडांवरील खुणा ताज्या कराव्या असें ठरविलें होतें. आपल्याकडे आठवण बाहेर काढली जाई ती भांडण झाल्यावर, म्हणजे ती स्वार्थानें मळण्याचा संभव सर्वांत अधिक असे त्याच वेळीं.

मग साक्षीदार कोण, हा प्रश्न येतो. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ च्या इंग्रजी ग्रंथांत गोतसभा, मजालस, दिव्य यांचा क्रम चांगला उलगडला आहे. पण त्यांचा प्रश्न न्यायसभेचा, आमचा जमिनीचा. शिवेच्या वादांत गांवच्या महाराची साक्ष थोर मानीत. ज्याला देवळाच्या पायरीशीं येऊं देत नसत, त्याच्या पावलांनीं गांवची शीव ठरे. अशा माणसांचीं नांवें सनदांत येत नाहींत, बखरींत येत नाहींत; महजराच्या शेवटीं साक्षीदारांत येतात, आणि नक्कल करणारा नेमका तेथेंच ‘इत्यादि’ लिहितो.

इंग्रजी अंमलांत शपथेचें रूप पालटलें. १८४० च्या ५ व्या कायद्यानें गंगाजळाची व कुराणाची शपथ जाऊन साधी प्रतिज्ञा आली. हद्दीचा नियम पुढें १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल कायद्याच्या ११९ व्या कलमांत दिसतो. शेताच्या हद्दीविषयीं तंटा नसेल व गांवकामगार ती बरोबर म्हणतील, तर जमीन धारण करणारा दाखवील ती हद्द धरावी. तंटा असेल तर गांवचे कागद, आणि गांवकामगार व लगतचे जमीनधारक यांच्याकडून कळणारी वहिवाट, यांवरून मोजणी अंमलदारानें ती ठरवावी, असा त्याचा अर्थ. वरवर पाहतां हा याज्ञवल्क्यच इंग्रजींत बोलतो आहे. पण प्रश्न बदलला आहे. सामंतांना विचारीत तें शीव कोठें होती हें. मोजणीदार विचारतो तें आज कोण वहिवाटतो हें. ज्यानें बांध पुढें सारून १०-१५ वर्षें पीक काढलें, त्याला पहिल्या प्रश्नाची भीति होती, दुसऱ्याची नाहीं.

त्यांतून रत्नागिरी जिल्हा खोतीचा. खोती गांवांत गांवकामगाराचें काम पुष्कळदां खोताकडेच असे. म्हणजे हद्द ‘बरोबर आहे’ म्हणणारा आणि त्या हद्दीनें ज्याचा लाभ होणार तो, हे दोघे एकच असूं शकत. स्मृतिकारांना हा धोका माहीत होता. लगतचे सामंत दूषित असतील तर त्यांच्या पलीकडच्यांना, आणि शेजारी न मिळतील तर गुराखी, पारधी, कोळी, कंदमुळें खणणारे अशा रानांत वावरणाऱ्यांना विचारावें, असें त्यांनीं सांगून ठेवलें. ११९ व्या कलमांतही ‘मिळेल तो अन्य पुरावा’ घेण्यास जागा होती. तथापि गुराख्याचें नांव कायद्यांत नव्हतें.

या संदर्भांत रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक यांचें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. दाभोळच्या खाडीपलीकडील मुरूड गांव कसा वसला हें सांगणाऱ्या जुन्या कागदावर त्यांनीं १८६५ मध्यें मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत लेख लिहिला. त्यांचा व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृतीचा ग्रंथ १८८० चा. खोतीचा कायदा त्याच वर्षीचा, व त्याच्या वादांत ते खोतांच्या बाजूचे. विद्वत्तेविषयीं शंका नाहीं. परंतु सामंत दूषित असल्यास काय करावें, ही त्यांच्याच ग्रंथांतील कसोटी त्यांच्याच पक्षाच्या पुराव्यास लावणें हें अभ्यासकाचें काम आहे, आणि तें अजून राहिलें आहे. त्यासाठीं फैसलनामे व बोटखतें यांच्या शेजारीं जुने महजर ठेवून, एकाच ठिकाणाच्या दोन चतुःसीमा ताडून पाहिल्या पाहिजेत. मोजणीनंतर झाडाच्या जागीं नंबर आला. नंबरावरून मागें जातां येत नाहीं, झाडावरून येतें.

१९४९ च्या कायद्यानें खोती गेली. घरोघरच्या दफ्तरांतील हद्दीचे कागद आतां कोणत्याही कचेरींत फारसे कामाचे नाहींत, म्हणून तेच आधीं रद्दींत जातात. ज्यांच्याकडे ते येतील त्यांनीं निदान चतुःसीमा व साक्षीदार अक्षरशः उतरावे, आणि उतरतांना उंडीचा ‘पुन्नाग’ व काजऱ्याचा ‘कुचला’ करूं नये.