सक्षमीकरण : जाहिरातीतील आणि सातबाऱ्यावरील

उपभोगवादी संस्कृतीने स्त्री-सक्षमीकरणाचा अर्थ खरेदीच्या स्वातंत्र्यापुरता संकुचित केला आहे. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या जाहिरातींनी गोरेपणाची सांगड नोकरीतील यशाशी घातली. २०२० मध्ये ती 'ग्लो अँड लव्हली' झाली. तरी आत्मविश्वास ही विकत घेण्याचीच वस्तू राहिली. खरेदीचा निर्णय स्त्रीने घेणे नगण्य नव्हे. परंतु वाशिम जिल्ह्यात सोयाबीनचे निंदण करणाऱ्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर ग्राहक म्हणून मिळणारा मान दुकानाच्या उंबरठ्यापर्यंतच टिकतो. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेने पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला, तो याच जाणिवेतून. म्हणूनच स्त्रीने काय विकत घेतले यापेक्षा तिच्या मालकीचे काय आहे, हाच सक्षमीकरणाचा निकष मानला पाहिजे.