आवाजाचा पूर्वरंग

आपल्यापैकी अनेकांना खेळ आधी ऐकू आला आणि मग दिसला. बाळ ज. पंडितांचे मराठी धावते समालोचन किंवा इंदूरच्या सुशील दोशींचे हिंदी वर्णन ऐकताना मैदान आपल्या डोळ्यांपुढे उभे राहत असे. दूरदर्शनवर मैदान समोरच असते. मग निवेदकाचे प्रयोजन काय? सायकल शर्यतींचे ब्रिटिश समालोचक फिल लिगेट यांची कारकीर्द या प्रश्नाचे उत्तर देते आणि त्या उत्तरातील धोकाही दाखवते.

1943 साली जन्मलेले लिगेट तरुणपणी चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयात उमेदवारी करीत होते. हौशी शर्यतपटू, सायकलविषयक नियतकालिकातील पत्रकार, ब्रिटनमधील ‘मिल्क रेस’चे संयोजक अशा पायऱ्या चढत ते समालोचनाकडे आले. 1973 पासून त्यांनी टूर द फ्रान्सचे वार्तांकन केले. तीन आठवड्यांची ही शर्यत सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची. समालोचक अंतिम रेषेजवळच्या खोलीत पडद्यासमोर बसतो. मोटारसायकलवरचा कॅमेरा दाखवील तेवढेच त्याला दिसते. घोळक्यातील स्वार बसण्याच्या ढबीवरून ओळखावा लागतो, आणि काहीच न घडणारे तासही बोलते ठेवावे लागतात.

या कलेची परीक्षा 22 जुलै 1987 रोजी ला प्लान्यच्या घाटात झाली. पिवळी जर्सी स्पेनच्या पेद्रो देल्गादोकडे होती आणि आयर्लंडचा स्टीफन रोश चढावर बराच मागे पडला होता. कॅमेरे टप्पा जिंकणाऱ्या लोराँ फिन्योंवर होते; रोशचे काय झाले हे कोणालाच कळत नव्हते. देल्गादो रेषेजवळ आला आणि त्याच्यामागून एक स्वार प्रकटला. हा कोण, असे लिगेट आधी विचारतात. मग म्हणतात, रोशसारखा दिसतो. आणि शेवटी खात्रीने ओरडतात, रोशच! अंतर अवघे चार सेकंदांचे होते. रोश रेषेपलीकडे कोसळला, त्याला प्राणवायू द्यावा लागला. पुढे 40 सेकंदांच्या फरकाने त्याने टूर जिंकली. त्या उद्गाराचे सामर्थ्य आवाजाच्या पट्टीत नाही. प्रश्न, संशय आणि निश्चय या क्रमात ते आहे. प्रेक्षकाचे अज्ञान निवेदकाने प्रामाणिकपणे वाटून घेतले होते.

लान्स आर्मस्ट्राँगच्या बाबतीत मात्र हाच क्रम मोडला. 1999 ते 2005 या सात विजयांच्या काळात लिगेट आणि त्यांचे सहकारी पॉल शेरवेन यांच्या आवाजाने त्याला महानायक केले. डेव्हिड वॉल्श व पिएर बालेस्तेर यांनी 2004 मध्येच पुस्तकातून गंभीर प्रश्न मांडले होते. तरीही 2012 मध्ये आर्मस्ट्राँगवर कारवाई चालू असताना लिगेट त्याच्या बाजूने जाहीरपणे बोलले. त्याच वर्षी सातही विजय रद्द झाले आणि जानेवारी 2013 मध्ये आर्मस्ट्राँगने उत्तेजके घेतल्याची कबुली दिली.

धावत्या चित्राकडे पाहून कोणाच्या रक्तात काय आहे हे सांगता येत नाही. त्यासाठी लिगेट यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण ते पत्रकारही होते. आपल्या नारदीय कीर्तनात आख्यान उत्तररंगात येते. त्याआधी पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते. लिगेट यांचा उत्तररंग अद्वितीय होता. पूर्वरंग मात्र त्यांनी इतरांवर सोपवला, आणि ज्यांनी तो केला त्यांचे ऐकले नाही.

म्हणून ला प्लान्यचा तो क्षण पुसून टाकावा काय? मला तसे वाटत नाही. उलट, त्यांना तपासण्याचे माप त्याच क्षणात आहे. ‘दिसतो’ आणि ‘आहे’ यांमधले अंतर त्या दिवशी त्यांनी पायरी पायरीने ओलांडले होते. पुढे भक्ती आड आली आणि मधली पायरी गळाली. दीर्घ सहवासाने ज्याच्याविषयी आपुलकी वाटते त्याच्याबद्दल लिहिणाऱ्या आपण सर्वांनीच ती पायरी जपली पाहिजे.