महिकावतीची बखर आणि आपल्या नोंदवह्या

आपल्या घराण्याचा इतिहास छापून काढण्याची हौस अलीकडे आपल्या लोकांत वाढली आहे आणि ती आम्हांला मनापासून आवडते. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात धर्मगुरू म्हणून काम करताना अशा पुस्तिका हाती येतात. सोबत बहुधा एक विनंतीही असते : आमच्या पणजोबांची स्नानसंस्काराची नोंद काढून द्या. पुस्तिका चाळताना मात्र एक गोष्ट वारंवार खटकते. आजोबा, पणजोबा, फार तर खापरपणजोबा इथवर मजकूर भक्कम असतो. पुढचे पान उलटावे, तो लेखक एकदम बाराव्या शतकात पोहोचलेले असतात आणि घराण्याचा मूळ पुरुष प्रतापबिंब राजाबरोबर चांपानेरहून निघालेला असतो! मधल्या सहा-सातशे वर्षांबद्दल चकार शब्द नाही. आधार म्हणून एकच नाव असते, ‘महिकावतीची बखर’. एवढे ओझे ज्या ग्रंथाच्या खांद्यावर टाकले जाते, तो मुळात आहे तरी कसा, हे पाहणे आवश्यक आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही बखर १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली. ती एकहाती नाही. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या लेखकांनी रचलेली सहा प्रकरणे तीत एकत्र आली आहेत. काही गद्य, काही पद्य. सर्वांत जुना भाग केशवाचार्याचा, शके १३७० म्हणजे इ. स. १४४८ चा. वास्को द गामाचे जहाज कालिकतला लागायला तेव्हा अजून पन्नास वर्षे होती. आपल्या प्रदेशातील माणसांविषयी आपल्याच भाषेत इतके जुने गद्य लिहिलेले आहे, याचे अप्रूप आपल्या शाळांतून मुलांना कुणी सांगत नाही. महिकावती म्हणजे माहीम. बिंबाच्या कथेत आपले केळवे-माहीम येते, दमणकडून खाली उतरणारी वाट येते, साष्टी येते, मुंबईचे माहीम येते.

बखरीचा खरा जीव मात्र राजाच्या स्वारीत नाही, ती लिहिण्यामागच्या कारणात आहे. गुजरातच्या सुलतानांचा अंमल होता. जुनी घराणी विस्कटली होती. कोण कुठले, कुणाचे मूळ कोणते, हे सांगणारी माणसे उरली नव्हती. अशा वेळी मालाडच्या नायकोराव देसल्याच्या पुढाकाराने केशवाचार्याने लोकांना जमवून वंश आणि आचार लिहून ठेवण्याचा उद्योग केला. देवीच्या दृष्टान्ताची कथा त्याला जोडलेली आहे. ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द या ग्रंथात येतो तो या धडपडीच्या संदर्भात. आमच्या मते केशवाचार्याचे मोठेपण इथे आहे. सारे विसरले जाईल, ही भीती त्याला वाटली आणि त्याने लेखणी हाती घेतली.

परंतु भीतीपोटी लिहिलेली वंशावळ आणि पुराव्याची वंशावळ यांत अंतर असते. प्रतापबिंबाबरोबर सहासष्ट कुळे आली, असे बखर सांगते. ही घटना तिच्या हिशेबाने शके १०६० ची, म्हणजे ११३८ ची. केशवाचार्य लिहीत होता तो तीनशे दहा वर्षांनंतर. शिवाय बखरीत एक प्रतापबिंब आहे, तसा तेराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीहून आलेला बिंबदेवही आहे. या दोघांच्या हकिकती कुठे एकमेकींत मिसळल्या, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. जिथे राजाचीच ओळख वादाची आहे, तिथे त्याच्या लष्करात आपले पूर्वज कोणत्या हुद्द्यावर होते, हे ठामपणे छापणारे धाडसीच म्हटले पाहिजेत. या धाडसामागे नुसते कुतूहल असते, असेही नाही. ख्रिस्ती होऊन चारशे वर्षे लोटली तरी लग्नाची बोलणी चालू असताना ‘आम्ही मुळात क्षत्रिय’ हे वाक्य बैठकीत येतेच, आणि ते सिद्ध करायला बखर पुढे केली जाते. केशवाचार्याच्या ग्रंथाचा हा उपयोग आम्हांला मान्य नाही.

मग आपल्या पूर्वजाचा माग काढायचा कुठे? ख्रिस्तसभेने त्यासाठी एक साधन आपल्या हाती दिले आहे. १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने विवाहाची वही ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या आणि कुटुंबांच्या वह्यांचेही नमुने घालून दिले. आपल्या भागात मात्र या साखळीचे दुवे तुटले आहेत. १७३९ च्या जानेवारीत माहीम आणि तारापूर पडले, मे महिन्यात वसई पडली. त्या धामधुमीत मठ-मंदिरे उजाड झाली, तिथे वह्यांची काय कथा! पुढे पाद्रोआदो आणि प्रोपागांदा या दोन अधिकारांच्या झगड्यात एकाच परिसराची कुटुंबे दोन चर्चांच्या वह्यांत विभागली गेली. १८८६ ते १९२८ पर्यंत पाद्रोआदोचा कारभार दमणच्या धर्मप्रांताकडे होता. आपला पूर्वज एका वहीत सापडत नसेल, तर तो दुसऱ्या अधिकाराच्या वहीत शोधावा लागतो, हे पुष्कळांच्या ध्यानीच येत नाही.

आणि नोंद सापडली तरी काम संपत नाही. एकाच वाडीत एकाच आडनावाचे तीन पेद्रू असतात. गाव त्यांना घराच्या टोपणनावाने वेगळे ओळखतो, पण टोपणनाव वहीत चढत नाही. दगावलेल्या बाळाचेच नाव पाठच्या भावंडाला ठेवण्याची रीत होती. पहिल्याची तारीख दुसऱ्याच्या नावावर लावून पणजोबांना तीन वर्षांनी थोरले केलेल्या पुस्तिका आम्ही पाहिल्या आहेत. अशा वेळी उपयोगी पडतात ते धर्मपिता आणि धर्ममाता. लेकराला हातांवर कुणी घेतले, हे पाहिले की नातेगोते, शेजार, कधी सावकारसुद्धा दिसू लागतो. समासातील बारीक अक्षरातली टीप वाचावी : अमक्या गावी विवाह, तमक्या साली. वहीच्या जोडीला घरातील फेरफाराचे उतारे ठेवावेत. छापील वंशवृक्षात ज्यांचा पत्ताही नसतो, त्या मुली आणि बहिणी वारसनोंदीत नावानिशी उभ्या असतात, बहुधा हक्क सोडण्यापुरत्या. घराण्याच्या कीर्तीला हा कागद सोयीचा नसतो. म्हणून तो पुस्तिकेत येत नाही.

इथे एका वेगळ्या ग्रंथाची आठवण होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण वाङ्मय म्हणून वाचतो. त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी तिची टिपांसह संपादित केलेली संपूर्ण आवृत्ती घराण्याच्या शोधाचा वस्तुपाठ म्हणून वाचावी. आजीची आठवण आजीच्या शब्दांत राहते आणि नातवाचा तपशील टिपेत. एकाने दुसऱ्याचे तोंड बंद करायचे नाही, ही ती शिस्त. शिवाय लक्ष्मीबाई सुरुवात करतात ती वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून, आणि त्या वेडामागे सत्तावन्नच्या बंडानंतरच्या एका फाशीची छाया आहे. नवऱ्याचा तापटपणा, त्यांचे घर सोडून निघून जाणे, काही झाकलेले नाही. म्हणूनच रेव्हरंड टिळक तिथे माणूस म्हणून भेटतात. आमच्या हाती येणाऱ्या पुस्तिकांतले पणजोबा सगळे एकाच साच्याचे : उंच, करारी, दानशूर. ताडी पिणारा, जमीन गमावलेला किंवा भावाशी भांडलेला पणजोबा एकालाही नव्हता, यावर विश्वास कसा ठेवावा?

राजवाड्यांच्या दीर्घ प्रस्तावनेबद्दलही बोलले पाहिजे. बिंबाच्या आधी या जंगलपट्टीत कोण होते, हा प्रश्न ते विचारतात आणि वारली, कातकरी, ठाकर, कोळी यांच्याकडे वळतात. त्यांच्या व्युत्पत्ती पुष्कळदा फार ताणलेल्या आहेत, त्या चिमटीभर मीठ घालूनच घ्याव्यात. पण प्रश्न रास्त आहे. सहासष्ट कुळांच्या यादीत वारली नाही. आज याच जिल्ह्यातील आदिवासी कुटुंब जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा कागद शोधत येते, तेव्हा आजोबांचे नाव सिद्ध करताना त्याची दमछाक होते. अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, मागोमाग कारखाने आले आणि बोईसरला केरळ, गोवा, छोटा नागपूरहून माणसे आली. त्यांच्या वह्या शेकडो कोसांवरच्या चर्चांत आहेत. ‘आपले पूर्वज’ असे लिहिताना आपण या सर्वांना धरून लिहितो काय, हे पुस्तिकाकारांनी स्वतःला विचारावे.

बखरीची नवी, गावांच्या आणि कुळांच्या सूचीसह आवृत्ती एखाद्या अभ्यासकाने सिद्ध करावी, अशी आमची इच्छा आहे. तोवर ज्यांना ती वाचायची असेल, त्यांनी केशवाचार्याची प्रकरणे आधी वाचावीत, राजवाड्यांची प्रस्तावना नंतर, आणि स्वतःचे आडनाव शोधण्याची घाई सर्वांत शेवटी करावी.