सागरी लाटांचे रडारमापन आणि वातावरणीय व्यत्यय : एक चिकित्सा (गोराई किनाऱ्याच्या संदर्भात)

प्रस्तावना : गोराई-मनोरी परिसरातील कोळी बांधवांच्या दृष्टीने लाटांची उंची हा उपजीविकेचा आणि जीविताचा प्रश्न आहे. खुल्या समुद्रातील लाटा मोजण्यासाठी उपग्रहीय रडारचा उपयोग केला जातो. 25 फेब्रुवारी 2013 रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित झालेल्या भारत-फ्रान्सच्या 'सरल' उपग्रहावरील 'अल्टिका' उंचीमापक हे त्याचे महत्त्वाचे उदाहरण होय. अशा रडारच्या संकेतातील वातावरणीय व्यत्यय दूर करण्याच्या पद्धतीची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन : व्यत्ययाचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिला विलंबाचा. कोरड्या हवेमुळे मोजलेले अंतर सुमारे 2.3 मीटरने, तर बाष्पामुळे 40 सेंटिमीटरपर्यंत अधिक भरते. समुद्रपातळी काढताना ही दुरुस्ती अपरिहार्य ठरते. परंतु लाटांची उंची परतलेल्या संकेताच्या चढत्या कडेच्या उतारावरून काढली जाते. विलंबाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही.

दुसरा प्रकार क्षीणनाचा. पूर्वीचे उंचीमापक प्रामुख्याने 13.6 गिगाहर्ट्झच्या आसपास काम करीत. अल्टिकाची वारंवारता 35.75 गिगाहर्ट्झ आहे. त्यामुळे एका वेळी पाहिले जाणारे क्षेत्र लहान होते व किनाऱ्याजवळ लाभ होतो. मात्र पावसाने होणारे क्षीणन बरेच वाढते. त्या क्षेत्रात पाऊस असमान पडत असल्यास संकेताचा आकारच बिघडतो.

यावरील रूढ उपाय म्हणजे पर्जन्यबाधित नोंदी वगळणे. सदोष नोंद ठेवण्यापेक्षा ती वगळणे इष्ट, हे मान्यच आहे. तथापि वगळणे म्हणजे सुधारणा नव्हे. उरलेल्या नोंदींची तरंगत्या मापकांशी तुलना करून मिळणारी अल्प त्रुटी ही मुख्यतः निरभ्र हवेतील त्रुटी असते. कोकण किनाऱ्यावर मात्र उंच लाटा आणि पाऊस जून ते सप्टेंबर या एकाच काळात येतात. यांत्रिक मासेमारीवरील पावसाळी बंदी अनेक वर्षे 1 जून ते 31 जुलै अशी राहिली आहे. ती उठल्यावर, नारळी पौर्णिमेच्या सुमारास, होड्या समुद्रात जातात तेव्हा पाऊस संपलेला नसतो. म्हणजेच ज्या दिवसांत माहितीची गरज सर्वाधिक, त्याच दिवसांत नोंदी विरळ होतात.

निष्कर्ष : व्यत्यय-निवारणाच्या पद्धतीचे मूल्यमापन केवळ वार्षिक सरासरी त्रुटीवर करणे अपुरे आहे. वगळलेल्या नोंदींचे प्रमाण महिनावार द्यावे आणि पावसाळ्यातील त्रुटी स्वतंत्रपणे नोंदवावी. गोराईच्या किनाऱ्यावरून पाहता, पद्धतीची खरी कसोटी ऑगस्टमध्येच लागते.