भोंगा वाजला, पण कोणता?

7 मे 2025 रोजीच्या नागरी संरक्षण सरावासाठी केंद्र सरकारने निवडलेल्या ठिकाणांत मनमाडचे नाव होते. रेल्वेचे जंक्शन, अन्न महामंडळाची धान्यकोठारे, शेजारी पानेवाडीला इंधनाचे डेपो. नाव का आले हे मनमाडकरांना समजावून सांगायला नको. इशाऱ्याची खूण ठरलेली आहे. चढउतार करणारा भोंगा म्हणजे धोका, एकसुरी भोंगा म्हणजे धोका टळला. खूण उत्तमच आहे. पण ती पाठ असून भागत नाही, कानाला ओळखीची असावी लागते. तिथे आपण कमी पडतो.

मुळात आपण एकाच शब्दावर भागवतो. गिरणीचा भोंगा, नगरपालिकेचा भोंगा, धरणातून पाणी सोडतानाचा भोंगा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे तर 2022 साली संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला, तो दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्यासाठी! कल्पना कौतुकाची, पण एकाच आवाजावर किती कामे लादायची?

आवाज नीट ऐकला तर यंत्र ओळखता येते. मोटरच्या भोंग्यात एक चक्र फिरते. त्याभोवतीच्या स्थिर कड्याच्या खिडक्या त्यामुळे उघडझाप करतात आणि हवेचे झोत तुटक-तुटक बाहेर पडतात. 1819 मध्ये फ्रान्सच्या कान्यार द ला तूर यांनी केलेल्या उपकरणाचे तत्त्व हेच. खिडक्या 10 आणि फेरे मिनिटाला 2850 असतील, तर सेकंदाला 47.5 × 10, म्हणजे 475 कंपने. मोटर एकदम वेग घेत नाही, म्हणून स्वर चढत जातो. वीज तोडली तरी जड चक्र फिरत राहते, म्हणून तो रेंगाळत उतरतो. चढउतार साधतो तो वीज चालू-बंद करून. कर्ण्यातून वाजणारा इलेक्ट्रॉनिक भोंगा मात्र पहिल्या क्षणीच पूर्ण स्वरात बोलू शकतो. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश भोंग्यांत 10 व 12 खिडक्यांच्या जोड्या असत; त्यांतून षड्ज आणि कोमल गंधार एकदम ऐकू येत.

मनमाडला आणखी एक घोटाळा संभवतो. न थांबता जाणाऱ्या गाडीचा हॉर्न फलाटावरच्या माणसाला उतरत गेलेला ऐकू येतो. हा डॉप्लर परिणाम. पण तो स्वर पुन्हा वर चढत नाही, भोंग्याचा चढतो.

या खुणेची किंमत कमी करण्यात वृत्तवाहिन्यांनीही हातभार लावला. बातम्यांच्या मागे भोंगे वाजू लागले, तेव्हा जनजागृतीखेरीज तो आवाज वापरू नका, असे सरकारला 10 मे 2025 रोजी सांगावे लागले. ऐकणाऱ्याचा कान मरतो, ही साधी गोष्ट त्यांना सुचू नये?

आणि आपले वर्ग? ध्वनीचा पाठ नादकाट्यापासून सुरू होतो आणि स्वाध्यायात संपतो. सायकल उलटी उभी करा, मागच्या चाकाच्या आऱ्यांना जाड पुठ्ठ्याची कड लावून धरा आणि पायडल फिरवा. आरे 40 आणि फेरे सेकंदाला 5 असतील, तर पुठ्ठ्याला 200 टोले बसतील. वेग वाढवा, सोडून द्या, पुन्हा वाढवा. मग एका वेगाने फिरवत ठेवा. मुलांनी पाठ फिरवून बसावे आणि धोका कोणता, सुटका कोणती, ते सांगावे.